अमडापूरची वाट आणि मनातला गाळ

चिखली शहर मागे टाकून खामगावचा रस्ता धरला, की सुमारे वीस किलोमीटरवर अमडापूर लागते. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील हे मोठे गाव आहे. दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरलेली. खरिपात सोयाबीन, कपाशी आणि तूर, रब्बीत हरभरा आणि गहू. जुन्या वऱ्हाडात अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील उंच पठाराला ‘बालाघाट’ आणि खालच्या सपाट, कापूसपिकाच्या प्रदेशाला ‘पायनघाट’ म्हणत. चिखली, मेहकर हा भाग बालाघाटातला, तर खामगाव, मलकापूर पायनघाटातले. अमडापूर या दोहोंना जोडणाऱ्या वाटेवर आहे. गावाची ओळख सांगताना पहिला उल्लेख होतो तो टेकडीवरील बल्लाळदेवीच्या जुन्या मंदिराचा. नवरात्रात पायऱ्यांवर माणसे मावत नाहीत. एरवी मात्र टेकडीवर वारा आणि खाली शेतांचे तुकडे एवढेच असते.

जिल्हा तसा प्रवाशांच्या ओळखीचा आहे. लोणारचे सरोवर, जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेड राजा, गजानन महाराजांचे शेगाव ही नावे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनास निघालेली जैन कुटुंबेही चिखली-मेहकर मार्गाने अनेकदा याच पठारावरून जातात. त्यांच्या गाड्या हिरव्या शेतांमधून वेगाने निघून जातात. शेताच्या बांधावर उभे असलेले मूल क्षणभर दिसते, हात हलवते आणि मागे पडते. त्या मुलाच्या घरात काय घडून गेले आहे, हे रस्त्यावरून कळण्याचा मार्ग नाही.

नकाशावर न दिसणारा प्रदेश

या भागाचा आणखी एक नकाशा आहे आणि तो कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत छापला जात नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा हे विदर्भातील सहा जिल्हे शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर चर्चेत आले. २००६ च्या जुलैच्या आरंभी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत योजना जाहीर झाली. कर्ज, व्याज, सिंचन, बियाणे, जोडधंदे यांचा विचार तीत होता. विधवेच्या नावे मदतीचा धनादेशही शासन देत होते. परंतु त्या घरातील आठ-दहा वर्षांच्या मुलाने त्या सकाळी काय पाहिले आणि त्याचे पुढे काय झाले, यासाठी त्या काळी कोणत्याही कागदावर रकाना नव्हता.

मदतीच्या कागदावर रकाना होता तो ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असा. मृत शेतकऱ्याच्या नावे जमीन होती काय, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे होते काय, वसुलीचा तगादा होता काय, नापिकी होती काय, हे जिल्हास्तरीय समिती तपासते आणि प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. पात्र ठरल्यास एक लाख रुपयांची मदत मिळते. त्यातील तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीच्या स्वरूपात. शासकीय व्यवहाराला निकष लागतात, हे खरे. पण घरात बसलेल्या मुलाच्या कानावर एवढेच पडते की ‘बाबांचे प्रकरण अपात्र झाले’. प्रकरण अपात्र झाले, की बाबाच अपात्र होते, हा भेद दहा वर्षांच्या मुलाला कोण समजावून सांगणार? अनेक घरांत तो कोणीच सांगत नाही.

२००६ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज तिशीत आहे. ते आता शेत कसते, ट्रॅक्टर चालवते, पुण्या-संभाजीनगरच्या कारखान्यात काम करते, सासरी नांदते, स्वतःच्या लेकराला शाळेत सोडते. त्याचे बालपण संपून वर्षे लोटली. परंतु बालपणी बसलेला धक्का संपला असेलच असे नाही. अमडापूरच्या परिसरातील, किंबहुना साऱ्या वऱ्हाडातील हा प्रश्न आता केवळ अनाथ मुलांचा राहिलेला नाही. तो प्रौढ झालेल्या मुलांचा आहे.

‘आता तूच घरचा कर्ता’

आपल्याकडे मृत्यूच्या घरी समाचाराला येणारी वडीलधारी माणसे थोरल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून एक वाक्य हमखास म्हणतात : ‘आता रडायचं नाही बेटा, आता तूच घरचा कर्ता.’ बोलणाऱ्याच्या मनात माया असते, धीर देण्याची इच्छा असते. ऐकणाऱ्या मुलापाशी मात्र त्या वाक्यातून दोन आज्ञा पोहोचतात. रडायचे नाही ही पहिली आणि मूल राहायचे नाही ही दुसरी. मग ते खरोखरच रडत नाही. लोक कौतुकाने म्हणतात, ‘पोरगं फार समजूतदार निघालं.’ समजूतदारपणा म्हणून ज्याचे कौतुक होते, ती अनेकदा गोठून गेलेली भीती असते.

लहान मूल मोठ्या घटनेचा अर्थ स्वतःच्या आकाराप्रमाणे लावते. आदल्या दिवशी आपण वहीसाठी पैसे मागितले होते, सहलीसाठी हट्ट केला होता, म्हणून बाबा गेले, असा हिशेब ते मनाशी मांडते आणि कोणाला सांगत नाही. त्यात घरच्यांनी ‘बाबा देवाघरी गेले’, ‘अचानक छातीत दुखलं’ असे काही सांगून खरे दडवलेले असले, तर अडचण वाढते. कारण खरे काय ते शाळेच्या मैदानात, एखाद्या भांडणात, दुसऱ्या मुलाच्या तोंडून त्याला कधीतरी कळतेच. त्या दिवशी वडिलांच्या मृत्यूबरोबर घरच्यांवरचा विश्वासही जातो.

धक्क्याची लक्षणे गावात निराळ्याच नावांनी वावरतात. रात्री दचकून उठणे, मोठेपणी पुन्हा अंथरूण ओले करणे, सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखणे, एकाएकी अभ्यासात मागे पडणे, क्षुल्लक कारणावरून अंगावर धावून जाणे, आई दृष्टीआड होताच कासावीस होणे. घरी याला हट्ट म्हणतात, शाळेत बेशिस्त म्हणतात, शेजारी नजर लागली म्हणतात. मोठेपणी नावे पुन्हा बदलतात. झोप नसते, राग आवरत नाही, कोणावर भरवसा बसत नाही, सुखाच्या प्रसंगीही काहीतरी वाईट होणार अशी धाकधूक राहते. कोणी दारूकडे वळतो, कोणी रात्रंदिवस कामाला जुंपून घेतो. भाद्रपदात कपाशीवर फवारणी सुरू झाली, की रानात पसरलेल्या वासाने एखाद्या तरण्याताठ्या शेतकऱ्याच्या हातापायांना कंप सुटतो आणि त्याचे कारण तो स्वतःही सांगू शकत नाही. त्याच्या मनाला दिनदर्शिका कळते. शरीर मात्र अजून त्या एका सकाळीच उभे असते.

मानसशास्त्र काय सांगते

बालपणीच्या आघाताचे परिणाम दीर्घकाळ टिकतात, ही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या लक्षात आली ती काहीशी अनपेक्षित वाटेने. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी वजन कमी करण्यासाठी आलेल्या रुग्णांवर उपचार करीत होते. उपचार लागू पडत असतानाही अनेक रुग्ण ते अर्ध्यावर सोडून जात. कारण शोधताना त्यांच्यापैकी कित्येकांच्या बालपणी अत्याचार वा घोर उपेक्षा घडली होती, असे आढळले. पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासह त्यांनी सतरा हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली आणि १९९८ साली तिचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मारहाण, लैंगिक अत्याचार, उपेक्षा, घरातील व्यसन, घरातील मानसिक आजार वा आत्महत्येचा प्रयत्न, आईवडिलांची ताटातूट अशा अनुभवांची संख्या बालपणी जितकी अधिक, तितका मोठेपणी नैराश्य, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न, इतकेच नव्हे तर हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचाही धोका अधिक, असे त्यातून दिसले.

भारतातही हे दुःख विरळ नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलणे झाले होते. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक छळ सोसल्याचे आणि निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार अनुभवल्याचे त्यात नोंदले गेले. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यामागे या वास्तवाची जाणीव होती. म्हणजे आत्महत्येच्या घरातले मूल हे या मोठ्या दुःखाचे एक रूप आहे. बाहेरून सुखवस्तू दिसणाऱ्या, दिवाणखान्यात थोरांच्या तसबिरी लावलेल्या घरांतही असे मूल असू शकते.

परंतु शास्त्र येथेच थांबत नाही. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा मागोवा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन अभ्यासकांनी कित्येक दशके घेतला. त्यातील सुमारे एक तृतीयांश मुले दारिद्र्य, घरातील कलह, व्यसन, आजारपण अशा बिकट परिस्थितीत वाढली. तरीही या बिकट गटातीलही सुमारे एक तृतीयांश मुले मोठेपणी सक्षम, जबाबदार आणि मायाळू माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात समान असे काय होते, याचा शोध घेताना पुढे आलेली ठळक गोष्ट अगदी साधी होती. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी असे किमान एक मोठे माणूस त्यांच्यामागे न बदलता उभे राहिले होते.

आघातातून सावरण्याच्या वाटेविषयी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये जो क्रम मांडला, तोही याच्याशी जुळतो. प्रथम सुरक्षितता, नंतर जे घडले त्याचे स्मरण आणि शोक, आणि शेवटी माणसांशी पुन्हा नाते जोडणे. हा क्रम उलटवून चालत नाही. जे मूल अजून घाबरलेले आहे त्याला ‘सांग, काय झालं होतं’ म्हणून खोदून विचारणे हे जखमेवरची खपली काढण्यासारखे आहे. उलट, वर्षानुवर्षे सुरक्षित असूनही जो कधीच बोलला नाही, त्याची जखम आत तशीच राहते. आघातावर केंद्रित असलेली समुपदेशनाची एक शास्त्रशुद्ध पद्धत आणि ‘ईएमडीआर’ नावाची दुसरी पद्धत, या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये मुलांसाठी व प्रौढांसाठी केली आहे. म्हणजे तिशीत, चाळिशीत उपचार घेऊन उपयोग काय, ही शंका बरोबर नाही. उशीर झालेला असतो. वेळ निघून गेलेली नसते.

किल्लारीची पहाट

महाराष्ट्राने बालपणीच्या सामुदायिक आघाताला समोरून पाहिले ते ३० सप्टेंबर १९९३ रोजी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. दिगंबर समाजात दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरची दगड-मातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे दगावली. सूर्योदयाला हजारो मुलांचे घर, अंगण, आई, बाप, भावंडे यांपैकी काही ना काही नाहीसे झालेले होते.

शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेली भारतीय जैन संघटना त्या वेळी सामूहिक विवाहांसारख्या समाजसुधारणेच्या कामासाठी ओळखली जात होती. भूकंपग्रस्त भागात मदतकार्य करताना, अन्नधान्य आणि पांघरुणे वाटून मुलांचा प्रश्न सुटणार नाही, हे कार्यकर्त्यांच्या ध्यानात आले. संघटनेने सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले. पुढे वाघोली येथे त्यांच्यासाठी शैक्षणिक पुनर्वसन संकुल उभे राहिले. मुले कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, हा प्रश्न तेथे नव्हता; ती प्रायः शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांतील होती. नंतरच्या काळात त्याच संकुलात मेळघाटातील आदिवासी मुले आली आणि शेतकरी आत्महत्या झालेल्या कुटुंबांतील मुलेही आली. किल्लारीच्या मुलांसाठी बांधलेल्या छपराखाली दुष्काळाच्या मुलांना जागा मिळाली.

अशा संकुलाचे सामर्थ्य कशात असते? ठरलेल्या वेळी उठणे, ठरलेल्या वेळी जेवण, शाळा, मैदान, प्रार्थना, झोप. ज्या मुलाचे जग एका क्षणात मोडले, त्याला उद्याचा दिवस आजच्यासारखाच असेल हा भरवसा औषधाइतका मोलाचा असतो. शिवाय शेजारच्या खाटेवर झोपलेल्या मुलाचेही घर पडलेले असते. ‘माझ्याच वाट्याला असे का’ हा प्रश्न तेथे जरा सौम्य होतो. समदुःखी सवंगडी मिळाला, की न बोलताही पुष्कळ सांगितले जाते.

परंतु या वाटेला एक किंमतही आहे आणि ती मान्य केली पाहिजे. मूल सुरक्षित जागी जाते तेव्हा ते आपल्या गावापासून, आईपासून, आजीच्या बोलीपासून दूरही जाते. सुट्टीत परतल्यावर गाव परके वाटते. त्याच भूकंपातील अनाथ मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाने नळदुर्ग येथे ‘आपलं घर’ सुरू केले. बार्शीचे ज्येष्ठ समाजवादी कार्यकर्ते पन्नालाल सुराणा यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. ते घर भूकंपाच्याच प्रदेशात, त्याच बोलीत, त्याच हवामानात राहिले. एक वाट मोठ्या शहराजवळच्या संधींकडे नेणारी, तर दुसरी आपल्या मातीत रुजवून ठेवणारी. कोणती योग्य, याचे एकच उत्तर नाही. ज्याचे कोणीच उरले नाही अशा मुलाची गरज वेगळी आणि ज्याची आई जिवंत आहे, पण खचली आहे, अशा मुलाची गरज वेगळी.

अमडापूरच्या परिसरातील बहुतेक मुले दुसऱ्या प्रकारची आहेत. त्यांची आई आहे, आजी आहे, काका आहेत, दोन-तीन एकर रान आहे. अशा मुलाला घरापासून तोडण्यापेक्षा घराला टेकू देणे अनेकदा अधिक हिताचे ठरते. राज्य शासनाची बालसंगोपन योजना याच विचारावर उभी आहे. एक वा दोन्ही पालक गमावलेल्या मुलाला संस्थेत न घालता कुटुंबात वाढवता यावे, यासाठी दरमहा साहाय्य दिले जाते. २०२३ पासून ही रक्कम २,२५० रुपये करण्यात आली आहे. रक्कम मोठी नाही, परंतु वही-पुस्तकांसाठी आईला दिराच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, एवढे बळ तिच्यात आहे. अनेक पात्र घरांना योजनेचे नावच ठाऊक नसते. अर्ज भरून देणारा एक जाणता माणूस गावात असणे हेही म्हणूनच मोठे पुण्यकर्म आहे.

आणखी एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. भूकंपात सारे गाव एकाच वेळी रडले. आत्महत्येच्या घरी मात्र एकटे घर रडते, आणि तेही दार लोटून. भूकंपाला कोणी दोष देत नाही. येथे मृताला दोष दिला जातो, कधी त्याच्या बायकोला, कधी सावकाराला, कधी व्यसनाला. दुःखासोबत लाज येते आणि लाज आली, की तोंड मिटते. किल्लारीच्या मुलाला ‘माझे वडील भूकंपात गेले’ असे चारचौघांत म्हणता येत होते. अमडापूरच्या वाटेवरील मुलाला आपले वाक्य पूर्ण करता येत नाही. उपचाराची सुरुवात बहुधा ते वाक्य पूर्ण होण्यातूनच होत असेल.

सैलानी, पळसखेड आणि आशाताईंची वही

मनाच्या दुखण्यावर या जिल्ह्यात फार पूर्वीपासून एक ठिकाण आहे : पिंपळगाव सराईजवळचा सैलानी बाबांचा दर्गा. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. सर्व धर्मांचे लोक येतात आणि ‘बाहेरचे’ म्हणून जे समजले जाते, ते दूर व्हावे म्हणून मनोरुग्णांना घेऊन कुटुंबे येतात. त्यांच्या श्रद्धेची टिंगल करणे सोपे आहे. पण त्या गर्दीकडे नीट पाहिले, तर दिसते ते असे, की शेकडो कुटुंबांना आपल्या माणसाच्या मनाला काहीतरी झाले आहे हे कळलेले आहे आणि त्याला घेऊन जाण्यास दुसरी जागा सापडलेली नाही. श्रद्धेने धीर मिळतो. आजाराला मात्र औषध आणि समुपदेशन लागतेच. दोन्ही बरोबर चालू शकतात. औषध बंद करून केवळ यात्रा करणे तेवढे धोक्याचे.

चिखली तालुक्यातच पळसखेड सपकाळ येथे नंदकुमार आणि आरती पालवे या दाम्पत्याचा सेवासंकल्प आश्रम आहे. रस्त्यावर सोडून दिलेल्या, बेवारस मनोरुग्णांना तेथे अंघोळ, अन्न, कपडे, उपचार आणि नावाने हाक मारणारी माणसे मिळतात. कोणत्याही मनोरुग्णाकडे पाहताना हा कधीकाळी कोणाचे तरी लेकरू होता, हे आठवले, की बालपणाची काळजी घेणे म्हणजे नेमके काय टाळणे, हे समजते.

शासनाच्या बाजूने २०१५ च्या सुमारास आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला. मराठवाड्यातील आठ आणि विदर्भातील सहा जिल्हे त्यात होते. बुलढाणा त्यांपैकी एक. घरोघरी जाणाऱ्या आशा कार्यकर्तींनी ताणाखाली असलेली माणसे ओळखावीत, त्यांना आरोग्य केंद्राकडे पाठवावे आणि १०४ या क्रमांकावर समुपदेशन मिळावे, अशी त्याची रचना आहे. ऑक्टोबर २०२२ पासून देशभर ‘टेलि-मानस’ ही सेवाही सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, आपल्या भाषेत बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ आहेच. आशाताईंच्या वहीत गरोदर माता, लसीकरण, ताप यांच्या नोंदी असतात. त्याच वहीच्या एका पानावर वडील गमावलेल्या मुलांची नावे असावीत आणि सहा महिन्यांनी, वर्षाने, पोळ्याला, दिवाळीला त्या घरी कोणीतरी डोकावून यावे, इतकी साधी गोष्टसुद्धा एखाद्या मुलाचे आयुष्य वळवू शकते. मदत पहिल्या तेरा दिवसांत भरभरून येते. एकटेपणा चौदाव्या दिवशी सुरू होतो.

गाळ

२०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने शासनाच्या सहकार्याने ‘सुजलाम् सुफलाम् बुलढाणा’ ही मोहीम हाती घेतली. शंभराहून अधिक यंत्रे जिल्ह्यात आली, धरणे आणि तलावांतील वर्षानुवर्षांचा गाळ उपसला गेला आणि तो शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात नेऊन पसरला. वऱ्हाडी शेतकऱ्याला गाळाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. तलावात साचला, की तो पाण्याची जागा खातो. उकरून मुरमाड रानात पसरला, की तेच रान पिकते.

मनातल्या दुःखाचेही काहीसे असेच आहे. आत साचून राहिले तर ते मायेची जागा खाते. विश्वासाच्या माणसापाशी थोडे थोडे बाहेर काढले, तर दुसऱ्याचे दुःख ओळखण्याची शक्ती त्यातूनच येते. मात्र गाळ एका दिवसात उपसत नाहीत. पाणी ओसरावे लागते, हंगाम पाहावा लागतो आणि एकट्या माणसाच्या टोपलीने तर ते काम होतच नाही.

क्षमा आणि पूर्वकर्म

धर्मनिष्ठ घरांत अशा प्रसंगी दोन शब्द हमखास उच्चारले जातात : ‘पूर्वकर्म’ आणि ‘क्षमा’. दोन्ही शब्द मोठे आहेत आणि म्हणूनच जपून वापरण्याचे आहेत. सोसलेल्या मुलाला ‘हे तुझ्या पूर्वकर्माचे फळ’ असे सांगितले, की मुळातच स्वतःला दोषी समजणाऱ्या त्या जिवावर आणखी एक ओझे चढते. कर्मसिद्धान्त माणसाने स्वतःच्या आचरणाकडे पाहण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या जखमेकडे पाठ फिरवण्यासाठी नाही. त्याच परंपरेने पुरुषार्थाला आणि करुणेलाही तेवढेच महत्त्व दिले आहे. मुलावर जे ओढवले त्याचा विचार करण्यापेक्षा आपण आता काय करणार, याचा विचार करणे हे मोठ्यांचे कर्म होय.

क्षमेचेही तसेच. ज्याने बालपणी अत्याचार केला त्याला क्षमा कर, असा आग्रह पीडित माणसाला करणे म्हणजे त्याचा शोक पूर्ण होण्याआधीच खाते बंद करण्यासारखे आहे. क्षमा आतून पिकते. ती मागून मिळत नाही. आणि क्षमा म्हणजे अपराध झाकणे नव्हे. दुसरे मूल धोक्यात असेल तर बोलणे, तक्रार करणे हीच अहिंसा आहे. संवत्सरीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या सर्व जीवांत तो एक दहा वर्षांचा मुलगाही धरावा, ज्याने वहीसाठी पैसे मागितले होते आणि जो अजून स्वतःला क्षमा करू शकलेला नाही. मोठे झालेल्या माणसाने आपल्यातील त्या मुलाला एवढेच सांगायचे असते : तुझी काही चूक नव्हती.

परतीची वाट

संध्याकाळी बल्लाळदेवीच्या टेकडीवरून खाली पाहिले, तर अमडापूरचे दिवे एकेक करून लागताना दिसतात. शेतातून परतणारी माणसे, गोठ्यात शिरणारी गुरे, दप्तर टाकून अंगणात खेळणारी मुले. खामगावकडे निघालेली गाडी टेकडीला वळसा घालून पुढे जाते. या दिव्यांपैकी कोणत्या दिव्याखाली कोणते दुःख आहे, हे प्रवाशाला कळत नाही. गावाला मात्र कळते. गावाला सगळे ठाऊक असते, फक्त त्याविषयी बोलण्याची रीत नसते.

ती रीत घडवणे कोणत्याही मोठ्या निधीवर अवलंबून नाही. समाचाराला गेल्यावर थोरल्या मुलाला ‘आता तूच घरचा कर्ता’ म्हणण्याऐवजी ‘तू अजून लहान आहेस, रडू आलं तर रड, आम्ही आहोत’ असे म्हणता येते. त्याच्या वयाला पेलेल अशा शब्दांत खरे सांगता येते. शाळेतील गुरुजींना त्याच्याकडे बेशिस्त मुलगा म्हणून पाहण्याआधी, काय घडले आहे, ते विचारता येते. कारखान्यात काम करणाऱ्या, रात्री झोप न लागणाऱ्या तरुण भाच्याला ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणण्याऐवजी डॉक्टरांकडे सोबत नेता येते. आणि हे सारे एकदा करून भागत नाही. पुढच्या पोळ्याला, पुढच्या दिवाळीला, दहावीच्या निकालाच्या दिवशी, लग्नाच्या बोलणीच्या वेळी तेच माणूस पुन्हा दारात दिसावे लागते.

काउआईच्या मुलांना जे एक माणूस भेटले, वाघोली आणि नळदुर्गच्या मुलांना जे छप्पर मिळाले, ते अमडापूरच्या वाटेवरील मुलालाही मिळू शकते. पुढच्या वेळी शिरपूरला वा शेगावला जाताना बांधावरून हात हलवणारे मूल दिसले, तर गाडीतून त्यालाही हात हलवावा. आणि आपल्याच नात्यातले, आपल्याच गल्लीतले जे मूल बऱ्याच दिवसांत हसलेले नाही, त्याच्या घरी त्या आठवड्यात एकदा जाऊन यावे.